इंग्लंडमधील पानझडी वनात जायचे असेल तर

पानझडी जंगल म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर ताडोबा-मेळघाटचा उन्हाळा उभा राहतो. सागाची पाने गळून पायांखाली त्यांचा कुरकुरीत थर साचलेला असतो आणि निष्पर्ण फांद्यांवर पळस पेटलेला असतो. इंग्लंडमधील ओक, बीच आणि हेझल यांची वनेही पानझडीच आहेत, पण त्यांचे वेळापत्रक आपल्या वनांच्या अगदी उलट चालते. आपल्याकडे पाणी तुटते म्हणून झाड पाने टाकते. तिथे थंडी आणि अपुरा सूर्यप्रकाश यांमुळे टाकते. आपल्याकडे निष्पर्ण वनाचा बहर फांद्यांवर दिसतो. तिथे तो जमिनीवर येतो, आणि तोही झाडांना पालवी फुटून सावली दाट होण्याआधीच्या मोजक्या आठवड्यांत उरकतो. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर सहलीचे बाकीचे बहुतेक निर्णय सोपे होतात, आणि म्हणूनच कोणत्या वनात जायचे याआधी कोणत्या आठवड्यात जायचे हे ठरवावे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे राहणाऱ्यांना, आणि उन्हाळ्यात मुलांकडे काही महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांनाही, ही निवड करणे अवघड नसते.

आठवडा कसा निवडावा

वनाच्या जमिनीवर पोहोचणारा प्रकाश हेच इथले खरे पंचांग आहे. जानेवारी-फेब्रुवारीत हेझलच्या काड्यांवर पिवळसर लोंबते तुरे दिसू लागतात. मार्चमध्ये सेलंडाइनची चकचकीत पिवळी आणि प्रिमरोझची फिकट पिवळी फुले येतात. मार्चअखेरपासून वुड ॲनिमोनीचे पांढरे तारे जमीन व्यापतात. ही ॲनिमोनी ऊन असेल तरच उघडते आणि ढग आले की मिटून मान खाली घालते, म्हणून तिच्यासाठी जायचे असल्यास स्वच्छ उन्हाची दुपार धरावी. तिच्यामागून एप्रिलच्या मध्यापासून निळ्या-जांभळ्या फुलांची ब्लूबेल येते. दक्षिण इंग्लंडमध्ये एप्रिलचा शेवटचा आणि मेचा पहिला आठवडा हा तिचा भर असतो; उत्तरेकडे तो आणखी काही दिवस पुढे सरकतो. मेच्या मध्याला बीचची पालवी पूर्ण उलगडते, डोक्यावर हिरवे छत धरले जाते आणि खालचा खेळ संपतो.

ज्यांना एकदाच जाणे शक्य आहे त्यांनी एप्रिलअखेर निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दिवसांत बीचची कोवळी पाने इतकी पातळ असतात की त्यांतून गाळून येणारा उजेडही पोपटी दिसतो आणि खाली निळा-जांभळा गालिचा पसरलेला असतो. हे दोन्ही एकत्र दिसण्याचा काळ जेमतेम दहा-बारा दिवसांचा असतो. थंडी लांबली की बहर उशिरा येतो, वसंत लवकर तापला की आधी येतो. म्हणून ठरलेल्या तारखेवर विसंबून न राहता, त्या वनाची देखभाल करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर बहराची ताजी माहिती पाहून मगच तिकीट काढावे. ऑक्सफर्डजवळच्या वायथम वनात १९४७ पासून ग्रेट टिट या छोट्या पक्ष्याच्या विणीच्या नोंदी सलग ठेवल्या जात आहेत. हा पक्षी आता पूर्वीपेक्षा बराच आधी अंडी घालतो असे त्या नोंदी सांगतात, कारण ओकची पालवी आणि तिच्यावर जगणाऱ्या अळ्या दोन्ही आता लवकर येतात. जुन्या मार्गदर्शिकांमधील तारखा थोड्या आधीच्या धराव्यात, त्या याच कारणाने.

दुसरा चांगला काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा. दिवस लहान होत गेले की पानांतले हरितद्रव्य मोडू लागते, त्याखाली दडलेले पिवळे-नारिंगी रंग उघडे पडतात, आणि देठाच्या मुळाशी पेशींचा एक थर तयार होऊन पान सुटते. बीच तांबूस सोनेरी होतो, फील्ड मेपल लोणीपिवळा होतो, ॲश मात्र फारसा रंग न दाखवता पाने टाकून मोकळा होतो. एक वादळी रात्र ही सारी शोभा खाली आणू शकते, त्यामुळे रंग भरल्याचे कळताच येणारा पहिला कोरडा दिवस पकडावा.

जून ते ऑगस्टमधले वन गर्द, सावलीचे आणि बरेचसे अबोल असते. लहान मुलांना घेऊन उन्हापासून दूर बसायला ते उत्तम आहे, पण फुलांची अपेक्षा ठेवू नये. हिवाळ्याचे तसे नाही. पाने नसल्यामुळे झाडांची ठेवण तेव्हाच नीट दिसते आणि कळ्यांवरून झाड ओळखता येते: ॲशच्या कळ्या काजळासारख्या काळ्या, बीचच्या लांब व भाल्यासारख्या टोकदार, तर ओकच्या फांदीच्या टोकाशी झुबक्याने असलेल्या. कोवळी बीच आणि हॉर्नबीम आपली वाळलेली तपकिरी पाने वसंतापर्यंत सोडतच नाहीत, ही पानझडी वनातली एक गंमतच आहे. हिवाळ्यात घड्याळ मात्र सांभाळावे. डिसेंबरच्या मध्यास लंडनच्या आसपास दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो, आणि झाडांखाली अंधार त्याहूनही लवकर पडतो. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी जेवून निवांत दोन वाजता निघालो होतो. साडेतीनला चिखलातली वाट दिसेनाशी झाली आणि उरलेले दोन मैल फोनच्या विजेरीवर काढावे लागले. तेव्हापासून हिवाळ्यात मी सकाळची पहिली गाडी धरतो.

वन कोणते आणि नकाशा कोणता

इंग्लंडमध्ये १६०० सालापासून सलग वनाखाली असलेल्या जमिनीला ‘प्राचीन वन’ असा दर्जा देतात. अशी वने संपूर्ण ब्रिटनच्या भूभागाच्या सुमारे अडीच टक्केच उरली आहेत. नंतर लावलेल्या वनांपेक्षा त्यांची माती, फुले आणि बुरशी अधिक समृद्ध असतात. ब्लूबेल, वुड ॲनिमोनी, रानलसूण ही एकत्र आणि दाट दिसली तर आपण जुन्या वनात आहोत असे समजायला हरकत नाही, कारण ही फुले फार सावकाश पसरतात. घरबसल्या शोधायचे असेल तर सरकारच्या ‘मॅजिक’ या नकाशा-संकेतस्थळावर प्राचीन वनांचा स्वतंत्र थर लावून पाहता येतो.

प्रत्यक्ष चालण्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचा ‘एक्स्प्लोरर’ मालिकेतला नकाशा घ्यावा. त्याचे प्रमाण एकास पंचवीस हजार असते आणि तो ॲपवरही मिळतो. त्यावर गोलसर झाडाची खूण म्हणजे रुंदपर्णी झाडे आणि टोकदार झाडाची खूण म्हणजे सूचिपर्णी. पानझडी वन पाहायचे असेल तर गोल खुणांचे क्षेत्र निवडावे. वनाची सीमा नागमोडी असेल तर ते जुने असण्याची शक्यता जास्त. पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल तर ती बहुधा नंतरची लागवड असते.

हिरव्या तुटक रेषा हा या नकाशाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. त्या सार्वजनिक वहिवाटीच्या वाटा होत. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटांची लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरते, आणि वाट खासगी जमिनीतून जात असली तरी तिच्यावरून चालण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला आहे. त्यामुळे ‘खासगी’ अशी पाटी दिसली म्हणून वाट सोडून परत फिरण्याचे कारण नसते, तसेच वाट सोडून शेजारच्या खासगी झाडीत शिरण्याची मुभाही नसते. स्कॉटलंडमध्ये जवळजवळ सर्वत्र फिरण्याचा जो हक्क आहे तो इंग्लंडमधील वनांना सरसकट लागू नाही, हे तिकडून फिरून आलेले लोक अनेकदा विसरतात. वाटेवरच्या खांबांवर बाणांच्या खुणा असतात. पिवळा बाण फक्त पायी जाणाऱ्यांसाठी, तर निळा बाण पायी, घोड्यावरून आणि सायकलवरून जाणाऱ्यांसाठी. निळ्या बाणाच्या वाटेवर मागून घोडा आला तर बाजूला थांबावे, मोठ्याने बोलू नये आणि छत्री एकदम उघडू नये.

लंडनहून गाडी नसताना जायचे असेल तर मी ॲशरिजचे नाव आधी घेईन. हर्टफर्डशर आणि बकिंगहॅमशर यांच्या सीमेवर, चिल्टर्नच्या टेकड्यांवर सुमारे दोन हजार हेक्टरवर पसरलेली ही मालमत्ता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. लंडनच्या यूस्टन स्थानकाहून निघालेली रेल्वे सुमारे पाऊण तासात ट्रिंगला पोहोचते. हे स्टेशन ट्रिंग गावापासून दूर आहे, पण वनात जाणाऱ्यांच्या ते पथ्यावरच पडते, कारण तिथून पूर्वेकडे अर्ध्या तासाच्या आत ऑल्डबरी हे खेडे लागते. गावाच्या मधोमध बदकांचे तळे आहे आणि त्याच्या काठावर, पूर्वी गुन्हेगारांचे पाय अडकवत तो लाकडी खोडा अजून उभा आहे. गावातून वर चढणारी वाट तीव्र आहे; पाऊस पडून गेला असेल तर ती निसरडी होते. माथ्यावर १८३२ साली उभारलेला ब्रिजवॉटर स्मृतिस्तंभ दिसतो. ज्या ड्यूकचे हे स्मारक, तो कालवे खोदण्यासाठी प्रसिद्ध होता, आणि येताना स्टेशनजवळ आपण एक कालवाच मागे टाकलेला असतो. स्तंभाजवळ चहा आणि स्वच्छतागृह मिळते, आणि तिथून चहूकडे बीच-ओकच्या वनात वाटा फुटतात. ब्लूबेलसाठी सर्वांत प्रसिद्ध असलेले डॉकी वुड इथेच, रिंगशॉलजवळ आहे. बहरात तिथे गर्दी आवरण्यासाठी प्रवेशशुल्क लावले गेले आहे, म्हणून निघण्यापूर्वी त्या वर्षीची व्यवस्था पाहून घ्यावी. ते शुल्क टाळायचे असेल, तर ॲशरिजच्या इतर भागांतही ब्लूबेल मुबलक आहेत आणि तिथे माणसे बरीच कमी असतात.

लंडनच्या पश्चिमेकडील स्लाउ परिसरात मराठी कुटुंबे बरीच आहेत. त्यांना बर्नम बीचेस अगदी हाताशी आहे. नाव ऐकून समुद्रकिनारा आठवत असला तरी तिथे बीच वृक्षांचे वन आहे, आणि १८८० सालापासून ते लंडन शहराच्या महापालिकेने लोकांसाठी राखले आहे. तिथे डांबरी, जवळजवळ सपाट रस्ताही आहे, म्हणून गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना किंवा बाबागाडीतल्या मुलाला न्यायचे असेल तर ॲशरिजच्या चढापेक्षा हेच बरे. आणि केवळ ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, तिकिटात भागवायचे असेल, तर सेंट्रल लाइनने लाउटनला उतरून एपिंग फॉरेस्टमध्ये चालत जाता येते.

काय घालावे, काय न्यावे

चिल्टर्नच्या माथ्यावरची माती गारगोटी मिसळलेली चिकणमाती आहे. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे वर आकाश निरभ्र असतानाही खाली घोट्यापर्यंत चिखल असू शकतो. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात गुडघ्यापर्यंतचे रबरी वेलिंग्टन बूट किंवा निदान घोटा झाकणारे जलरोधक बूट घालावेत. शहरी स्नीकर घालून जाणारा माणूस पहिल्या फाटकापाशीच ओळखू येतो. गवतातून चालावे लागणार असल्याने उन्हाळ्यातही पूर्ण लांबीची, फिक्या रंगाची विजार आणि विजारीवर चढवलेले मोजे असावेत. त्याचे कारण पुढे गोचिडांच्या संदर्भात येईलच. अंगावर एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत, आणि पावसाचे जाकीट, हवामानखाते काहीही म्हणो, पिशवीत असू द्यावे.

बहुतेक वनांत दुकान, नळ किंवा स्वच्छतागृह नसते. थर्मासभर चहा, पाणी आणि डबा बरोबर घ्यावा. तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या आणि कोरडी चटणी हा डबा या हवेत दिवसभर टिकतो आणि बर्फगार सँडविचपेक्षा पोटाला बरा वाटतो. गावातल्या पबमध्ये जेवायचे ठरवले असेल तर दुपारचे स्वयंपाकघर किती वाजता बंद होते हे आधी विचारावे. अडीचनंतर अनेक ठिकाणी फक्त पेय मिळते. चिखलाचे बूट दारातच काढण्याची तयारी ठेवावी. फोन पूर्ण भारित असावा आणि नकाशा आधीच उतरवून घेतलेला असावा, कारण दरीत आणि दाट झाडीत सिग्नल जातो. परतीची बस असेल तर रविवारचे वेळापत्रक वेगळे पाहावे. खेड्यांत रविवारी बस नसणे ही नेहमीची गोष्ट आहे.

ब्लूबेलमध्ये चालताना

या फुलाविषयी थोडे सविस्तर सांगणे गरजेचे आहे, कारण बहुतेक लोक त्याच्यासाठीच जातात आणि त्याचे सर्वांत जास्त नुकसानही तेच करतात. ब्लूबेल कंदापासून येते. तिची पाने हिवाळ्याच्या उत्तरार्धातच जमिनीबाहेर येतात आणि वरची पालवी फुटण्याआधी मिळणाऱ्या थोड्या उन्हात पुढच्या वर्षाचे अन्न कंदात साठवतात. पाऊल पडून पाने चिरडली की ती पुन्हा उभी राहत नाहीत आणि कंद उपाशी राहतो. एका माणसाने केलेली नवी वाट त्याच दिवशी आणखी पन्नास माणसे वापरतात, आणि ती जखम भरून यायला अनेक वर्षे लागतात. बियांपासून फूल येण्यासही पाचेक वर्षे जातात. म्हणून छायाचित्रासाठी फुलांत बसणे, मुलाला मधोमध उभे करणे किंवा साडीचा पदर पसरून आडवे होणे हे सर्व टाळावे. वाटेवरच गुडघे टेकून कॅमेरा फुलांच्या उंचीवर आणला, तर चित्रात आपण फुलांच्या मधोमध असल्याचा भास आपोआप होतो आणि कोणाचेही नुकसान होत नाही.

१९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण क्षेत्र कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणतीही रानवनस्पती उपटणे गुन्हा आहे. ब्लूबेलचे रानातले कंद विकण्यावर १९९८ पासून वेगळी बंदी आहे. खरी इंग्लिश ब्लूबेल ओळखायची असेल तर दांडी पाहावी. ती एका बाजूला झुकलेली असते, फुले त्याच बाजूला लोंबतात, त्यांचा रंग गडद निळा-जांभळा आणि परागांचा रंग साईसारखा असतो. मंद गोड वासही येतो. बागांमधून पसरलेली स्पॅनिश जात ताठ उभी, फिकट निळी आणि जवळजवळ वासहीन असते. तिचे पराग निळे असतात. वासासाठी सकाळी लवकर किंवा पाऊस पडून गेल्यावर जावे. उजेडासाठीही सकाळच बरी, कारण भर दुपारी या फुलांचा रंग छायाचित्रात फिका पडतो.

खोडे वाचायला शिकावे

फुले नसलेल्या दिवसांत काय पाहायचे, असे विचारणाऱ्यांना मी झाडांचे आकार पाहायला सांगतो. आपल्याकडच्या देवराया टिकल्या त्या कुऱ्हाड लावायची नाही या भावनेने. इंग्लंडमधली अनेक जुनी वने मात्र नियमित तोडीमुळेच टिकली. हेझल किंवा ॲश जमिनीलगत तोडले की त्याच बुंध्यातून अनेक सरळ फोक फुटतात. सात ते पंधरा वर्षांनी ते तोडून कुंपणे, टोपल्या आणि सरपण करायचे व बुंधा पुन्हा फुटू द्यायचा, या पद्धतीला कॉपिसिंग म्हणतात. सफोकमधल्या ब्रॅडफील्ड वनात ही तोड १२५२ सालापासून चालू असल्याची नोंद आहे, आणि आजही तिथे हिवाळ्यात पाळीपाळीने एकेक पट्टा तोडला जातो. एका बुंध्यातून वर्तुळाकार उगवलेली डझनभर खोडे दिसली की तो जुना कॉपिस समजावा. तोडलेल्या पट्ट्यात प्रकाश शिरतो, म्हणून पुढची दोन-तीन वर्षे फुले तिथेच सर्वांत दाट येतात. फुलांच्या शोधात असणाऱ्याने ताजे तोडलेले पट्टे चुकवू नयेत.

जिथे गुरे चरत, तिथे खालचे फोक गुरे खाऊन टाकत, म्हणून झाड माणसाच्या डोक्याच्या वर, दोन-तीन मीटरवर खांडत. याला पोलार्ड म्हणतात. राबासाठी वर्षानुवर्षे फांद्या उतरवलेले ऐनाचे ठेंगणे, गाठाळ झाड कोकणात किंवा मावळात ज्याने पाहिले आहे, त्याला पोलार्ड निराळा समजावून सांगावा लागत नाही. बर्नम बीचेसमधले काही पोलार्ड बीच चारशे वर्षांहून जुने आहेत, आणि तिथला ‘ड्रुइड्स ओक’ आठशे वर्षांहून जुना मानतात. एपिंगमध्ये लाउटनच्या रहिवाशांना फांद्या तोडण्याचा पिढीजात हक्क होता; १८७८ च्या एपिंग फॉरेस्ट कायद्याने तो संपला आणि त्याच्या भरपाईतून गावात ‘लॉपिंग हॉल’ नावाचे सभागृह १८८४ मध्ये उघडले. तोड थांबल्यावर वरच्या फांद्या अवजड झाल्या आणि आज त्या पेलताना जुनी खोडे दुभंगतात. वाकडी-तिकडी, पोकळ झालेली ही झाडे म्हातारी झाली म्हणून निरुपयोगी ठरत नाहीत; त्यांच्या ढोलीत वटवाघळे, घुबडे आणि कुजक्या लाकडावर जगणारे भुंगेरे राहतात. त्यांच्या मुळांभोवती कुंपण घातलेले असेल तर ते ओलांडू नये. पायांखाली माती दबली की मुळे गुदमरतात.

वनाच्या कडेला मातीचा बुटका बांध आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला चर दिसला तर थोडे थांबावे. बाहेरची गुरे आत शिरून कोवळे फोक खाऊ नयेत म्हणून मध्ययुगात घातलेली ती सीमा असते.

पक्षी, हरणे आणि गुरे

पक्ष्यांसाठी एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीचा काळ आणि सूर्योदयाच्या आधीचा अर्धा तास निवडावा. मे महिन्यात सूर्य पाचच्या सुमारास उगवतो, त्यामुळे आदल्या रात्री जवळ मुक्काम लागतो. पण ब्लॅकबर्ड, रॉबिन, साँग थ्रश आणि रेन एकामागून एक गाऊ लागतात तेव्हा लवकर उठल्याचे सार्थक होते. साँग थ्रश प्रत्येक लकेर दोन-तीनदा म्हणतो, म्हणून नवख्यालाही तो ओळखता येतो. सुतार पक्ष्याचे ढोलकीसारखे वाजवणे फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाने नसताना, सर्वांत चांगले ऐकू येते.

वाघ-बिबट्याच्या देशातून आलेल्यांना इथे घाबरण्यासारखे मोठे जनावर नाही. ॲडर हा एकमेव विषारी साप आहे आणि तोही सहसा दिसत नाही. ॲशरिजमधल्या फॅलो हरणांचे नर ऑक्टोबरमध्ये माजावर येतात, घोगरे ओरडतात आणि शिंगांनी झुंजतात. त्या दिवसांत त्यांच्यापासून लांबच राहावे. बर्नम आणि एपिंग इथे वन मोकळे राखण्यासाठी गाई चारतात. गाय दिसली की हात लावून नमस्कार करण्याची आपली सवय इथे आवरावी, विशेषतः तिच्याजवळ वासरू असेल तर.

धोके

खरा धोका आकाराने तिळाएवढा असतो. गवत आणि नेच्यांवर बसलेली गोचीड अंगाला चिकटते, आणि तिच्यातून लाइम आजाराचे जंतू शिरू शकतात. घरी आल्यावर गुडघ्यांची मागची बाजू, जांघा, काखा, कंबर आणि मुलांच्या बाबतीत केसांची कड नीट तपासावी. गोचीड सापडल्यास बारीक टोकाच्या चिमट्याने तिला कातडीच्या अगदी लगत धरून सावकाश सरळ वर ओढावे आणि जागा जंतुनाशकाने पुसावी. खोबरेल तेल ओतणे किंवा काडी पेटवून चटका देणे हे घरगुती उपाय इथे करू नयेत. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारा गोल लालसर चट्टा दिसला, किंवा ताप आणि अंगदुखी आली, तर सरकारी आरोग्यसेवेच्या १११ या क्रमांकावर फोन करून गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे. प्रतिजैविकांनी हा आजार बरा होतो.

दुसरा धोका वरून येतो. जोराचा वारा असेल त्या दिवशी जाऊच नये. १९८७ च्या ऑक्टोबरमधल्या एका रात्रीच्या वादळाने दक्षिण इंग्लंडमधली सुमारे दीड कोटी झाडे पाडली होती. शिवाय २०१२ पासून ब्रिटनमध्ये ॲश वृक्षांना बुरशीचा मररोग लागला आहे. अशा झाडांचे लाकूड ठिसूळ होते, म्हणून शेंड्याकडून वाळलेल्या ॲशखाली डबा उघडून बसू नये. वाट बंद असल्याची पाटी असेल तर ती मानावी.

कळंब्यांच्या, म्हणजे भूछत्रांच्या, बाबतीत एकच सांगतो: खाण्यासाठी काहीही तोडू नये. ओक आणि बीचच्या खाली उगवणारी डेथ कॅप दिसायला साधी, फिकट हिरवट असते आणि यकृत निकामी करते. शिवाय एपिंग आणि बर्नममध्ये कळंबी तोडण्यास मनाईच आहे. रानलसणाच्या पानांची चटणी करण्याचा मोह अनेकांना होतो, पण रानलसणातच लॉर्ड्स-अँड-लेडीज या विषारी झाडाची कोवळी पाने मिसळून उगवतात. पान चुरगळून लसणाचा वास पाहिला तरी बोटांना आधीचाच वास राहतो आणि पुढची परीक्षा फसते. नेटल या खाजऱ्या रोपट्याचा झटका बसला तर तो खाजकुयलीपेक्षा सौम्य असतो आणि बहुधा काही तासांत ओसरतो.

चूल, शेकोटी आणि बार्बेक्यू बहुतेक वनांत निषिद्ध आहेत, आणि मालकाच्या परवानगीविना तंबू ठोकण्यासही इंग्लंडमध्ये जवळजवळ सर्वत्र मनाई आहे. फाटक उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंदच ठेवून पुढे जावे. संत्र्याच्या सालीसह सर्व कचरा परत आणावा. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला ‘मॉर्निंग’ म्हणण्याची तिकडे पद्धत आहे. शहरात जे विचित्र वाटेल, ते वनातल्या वाटेवर न करणेच विचित्र वाटते.

परतताना बुटांच्या तळव्यांमधला चिखल तिथेच, गाडीतळाजवळच्या ब्रशने किंवा एखाद्या काडीने खरवडून काढावा आणि घरी बूट धुऊन पूर्ण वाळवावेत. झाडांचे काही रोग मातीतून एका वनातून दुसऱ्या वनात जातात, आणि पुढच्या रविवारी आपण बहुधा दुसऱ्याच वनात निघालेलो असतो.